भिंतीवरची मर्दानगी आणि बाटलीतलं टेस्टोस्टेरॉन

भुसावळ जंक्शन सोडून गाडी जळगावकडे निघाली की खिडकीतून केळीचे मळे दिसतात आणि मध्येच रंगवलेल्या भिंती. 'मर्दाना कमजोरी, खात्रीशीर इलाज', खाली मोबाईल नंबर. आपल्यापैकी कित्येकांनी 'गुप्तरोग' हा शब्द पहिल्यांदा वाचला तो अशाच भिंतीवर.

गंमत म्हणजे, लैंगिक ताकद वाढवतो असं सांगून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी भिंती रंगतातच, आता तर रील्सही. कारण जाहिरात विकते ती भीती, औषध नंतर. आणि भीती असते ती विचारायची सोय नसते म्हणून.

ही सोय मराठीत एका माणसानं केली होती. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा मुलगा, गणिताचा प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचक त्यात लाज वाटणारे प्रश्न विचारायचे, कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे लगेच अश्लील होत नाही, असं बाबासाहेबांनी मांडलं. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये ते वारले तोवर चाललं.

आता बघा, इथे कर्वे कोर्टात उभे होते, त्याच सुमारास युरोपात खरं औषध जन्माला येत होतं. त्याआधी बरीच वर्षं तिकडेही भोंदूपणा आणि विज्ञान हातात हात घालून चाललेले. १८८९ मध्ये पॅरिसचे ७२ वर्षांचे ब्राउन-सेकार या नामवंत शास्त्रज्ञानं कुत्रा आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचला आणि तरुण झाल्याचं जाहीर केलं. अर्क पाण्यातला होता, आणि टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळपास विरघळतच नाही! म्हणजे सगळा मनाचा खेळ. मग १९३५ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये लाकर यांच्या गटानं सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम शुद्ध हार्मोन काढला. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी तो प्रयोगशाळेत बनवला. १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांत विभागून गेलं.

म्हणजे औषध खरं आहे आणि आजारही खरा आहे. पिट्युटरीची गाठ, क्लाइनफेल्टरसारखा जन्मजात दोष, गालगुंडात सुजलेले वृषण, यांमुळे शरीरात हार्मोन खरोखर कमी पडतो. अशा माणसाला इंजेक्शन किंवा जेलनं आयुष्य परत मिळतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण निदान भिंत वाचून होत नाही, आणि जिममधला कोणी 'भाऊ, तुझं टेस्टोस्टेरॉन लो असंल' म्हणाला म्हणूनही नाही. त्रास असावा लागतो, शिवाय सकाळी घेतलेल्या रक्तात वेगवेगळ्या दिवशी किमान दोनदा पातळी कमी यावी लागते. नुसता थकवा असेल तर आधी झोप, वजन, साखर बघतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वृषणांना कामाला लावणारा संदेश मेंदूखालच्या पिट्युटरीकडून येतो. बाहेरून हार्मोन आला की पिट्युटरीला वाटतं, माल भरपूर आहे, आणि ती संदेश पाठवणं थांबवते. मग शुक्राणू बनणंही थांबू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० मध्ये छापलेल्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं होतं. सहा महिन्यांत १५७ जणांच्या वीर्यात शुक्राणू शून्य. आणि अभ्यास कशाचा होता? पुरुषांच्या गर्भनिरोधकाचा! कर्वे असते तर त्यांनी यावर अख्खा अंक काढला असता, असं मला तरी वाटतं.

ज्याला 'मर्दानगीचं इंजेक्शन' म्हणून कानात सांगितलं जातं, तेच लग्न ठरलेल्या पोराला बाप होण्यापासून अडवू शकतं. बंद केल्यावर शुक्राणू बहुतेकांचे परत येतात, पण महिने लागतात, कधी वर्षाच्या वरही. म्हणून एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे गेलात तर पहिल्याच भेटीत सांगा की पुढे मूल हवंय. त्यासाठी उपचार वेगळे असतात, पिट्युटरीचा संदेश चालू ठेवणारे.