विहिरीच्या काठावर कपडे सांभाळणाऱ्या पोरी

आपल्याकडं पोरगा सात-आठ वर्षांचा झाला की चुलता कमरेला वाळका भोपळा नाहीतर डबा बांधून त्याला विहिरीत ढकलायचा. चार दिवसांत गडी पोहायला लागायचा. काटेवाडीपासून इंदापूरपर्यंत कुणाही जुन्या माणसाला विचारा. पोरी मात्र काठावर. धुणं धुवायचं, नाहीतर भावाचे कपडे सांभाळायचे.

ही समजूत आपलीच होती असं नाही बरं का. इंग्लंड-फ्रान्समधली इंग्लिश खाडी हे बाईमाणसाचं काम नव्हे, असं गोरे लोकही म्हणायचे. सरळ अंतर ३३-३४ किलोमीटर, पण भरती-ओहोटीचा ओढा पोहणाऱ्याला कधी इकडं, कधी तिकडं नेतो आणि अंतर कितीतरी वाढतं. पाणी गारठलेलं. सोबतच्या बोटीला हात लावला की बाद. खाणंपिणंसुद्धा तरंगतच करायचं. ६ ऑगस्ट १९२६ ला अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ली ती खाडी पोहून गेली. तिच्याआधी पाच पुरुषांना ते जमलं होतं. त्यातल्या सगळ्यात वेगवान गड्यापेक्षा तिनं जवळजवळ दोन तास कमी घेतले! तोंडं बंद झाली.

मग आपली आरती साहा, कलकत्त्याची. ऑगस्ट १९५९ मध्ये पहिल्यांदा उतरली, किनारा थोडक्यात राहिला आणि उलट्या प्रवाहानं तिला हरवलं. मला विशेष वाटतं ते पुढचं. पोरगी घरी परतली नाही. महिन्याभरानं, २९ सप्टेंबरला, पुन्हा पाण्यात. १६ तास २० मिनिटांनी पलीकडं. वय १९. खाडी पोहणारी आशियातली पहिली महिला. १९६० ला पद्मश्री मिळाली, तीही महिला खेळाडूंत पहिलीच.

आणि मराठी नाव हवं असेल तर मुंबईची रूपाली रेपाळे. १९९४ मध्ये तिनं हीच खाडी १६ तास ७ मिनिटांत पार केली, वयाच्या १२ व्या वर्षी. आपल्याकडं त्या वयाच्या पोरीला आई कालव्याकडं फिरकू देत नाही. कारण पोहता येत नाही. आणि पोहता येत नाही, कारण फिरकू देत नाही.

मे २०२४ मध्ये उजनीत कळाशी-कुगाव दरम्यान बोट उलटली, सहा जीव गेले. ते पाणी परकं नाही, आपल्याच तालुक्यांचं आहे. बारामती-इंदापूर भागात मुलींना, बायकांना पोहायला शिकवणारं कुणी असेल, तलावावर त्यांची वेगळी वेळ असेल, तर खाली कमेंटमध्ये टाका. वेळ आणि फी पण लिहा.