कन्हानची रेल्वे आणि लक्ष्मीबाईंची वेगळी चूल



रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला रेल्वेनं गेलं की कन्हानला आपला फाटा वळतो. मुख्य मार्ग मात्र पुढे गोंदिया, डोंगरगड, राजनांदगावकडे जातो. त्या मार्गावरच्या एका प्रवासाची आणि त्यामुळे मोडता मोडता राहिलेल्या एका संसाराची ही गोष्ट.

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका परदेशी पाद्र्याशी गप्पा रंगल्या आणि त्यानं बायबलची प्रत त्यांच्या हाती ठेवली. टिळकांनी ती वाचली, मनाशी झगडले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आणि घरची बाई? लक्ष्मीबाईंना हे घडून गेल्यावर कळलं! वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई. नवरा जिवंत असून घर तुटलं. काही वर्षं त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे नगरला टिळकांकडे आल्या, पण सोवळं सोडलं नाही की आपली वेगळी चूलही. आजूबाजूला सगळी ख्रिस्ती वस्ती, प्रार्थना चाललेल्या, आणि मधोमध यांचा ब्राह्मणी स्वयंपाक! टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. त्या स्वतः बघत, ऐकत, भांडत, विचार करत राहिल्या. माणसामाणसांतली जात देवानं केलेली नाही हे त्यांच्या मनाला पटलं, तेव्हा शिवाशीव आपोआप गळाली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनानं. हे सारं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हसत-रडत लिहून ठेवलं आहे.

टिळकांनीही चर्चला मराठी वळण दिलं. अभंग, भजन, कीर्तन त्यांनी उपासनेत आणलं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते वारले. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिलं. लहानपणी शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईनं!

मला वाटतं, आधी घरात त्या वेगळ्या चुलीला जागा मिळाली होती, म्हणूनच पुढे दरबारात सर्वांना जागा देणं टिळकांना सुचलं असावं.

आमच्या शेजारच्या ख्रिस्ती ताई नाताळला बोलावतात, तेव्हा मला ही चूल आठवते. पूर्वी मी काहीतरी कारण सांगून टाळायची. अंडं असेल, कांदा-लसूण असेल, सूर्यास्तानंतर कसं खायचं? एकदा धीर करून खरं ते सांगितलं. आता त्या मला दुपारीच बोलावतात. माझ्यासाठी केळी आणि भिजवलेले बदाम वेगळ्या ताटलीत झाकून ठेवतात. मी घरच्या करंज्या नेते. त्यांची प्रार्थना चालू असताना मी हात जोडून बसते आणि मनात णमोकार म्हणते. माझा नियम मोडत नाही, त्यांचा सणही उणा होत नाही.

सासूबाईंनी पहिल्या वर्षी विचारलं होतं, “तिथे जाऊन काय करतेस?” यंदा करंज्यांचा डबा त्यांनीच भरून दिला.