मिठागराची रेघ

वसईच्या किल्ल्याला लागून पाचूबंदरचा कोळीवाडा आहे. कॅमेरा घेऊन तेथे जाणारा मनुष्य सहसा दोन गोष्टींकडे वळतो : वलांडीवर वाळणारे बोंबील आणि पोर्तुगीज चर्चचे भग्नावशेष. खाडीने थोडे आत, नायगाव-जूचंद्रच्या अंगाला गेले की तिसरा विषय लागतो, तो मिठागरांचा. पांढरे, करडे, गुलाबी चौकोन, भेगाळलेला चिखल, कडेला साचलेली खारी साय. अशा चित्रांखाली ‘निसर्गाची चित्रकला’ असे काहीतरी लिहिलेले हमखास आढळते. आमची तक्रार आहे ती या शब्दांविषयी.

या चित्रात निसर्गाचे काय आहे, हे आधी पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाने ते पाणी आटत आटत सुमारे एक दशांशावर आले की खाण्याचे मीठ बसू लागते. त्यापूर्वीच जिप्सम खाली बसलेले असते आणि शेवटी मॅग्नेशियमचे कडू पाणी उरते. मिठाचा स्फटिक घनाकृती. पाण्याच्या पृष्ठावर तो वाढू लागला तर आतून पोकळ, पायऱ्यापायऱ्यांचा उलटा मनोरा तयार होतो. तांबूस रंग ड्युनालिएला नावाच्या शेवाळाचा आणि खारटपणातच जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. भेगा चिखल आक्रसल्यामुळे पडतात. एवढे निसर्गाचे.

उरलेली प्रत्येक सरळ रेघ माणसाची आहे. खाजणाला बांध घालायचा, उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, ते एका कुंडातून दुसऱ्यात फिरवत दाट करायचे, अखेरच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, मीठ धरले की लाकडी फळीने ओढून कडेला लावायचे. म्हणजे चित्रातला हाताएवढा काटकोन स्फटिकाचा नसून बांधाचा, आणि मोहरीएवढा काटकोन बांधाचा नसून स्फटिकाचा. उंचावरून टिपताना दोहोंची एकच नक्षी होते आणि फळी ओढणारा माणूस ठिपका होतो. एडवर्ड बर्टिन्स्की या कॅनडाच्या छायाचित्रकाराचे कच्छच्या छोट्या रणातील मिठागरांचे पुस्तक २०१६ साली आले. त्यातली हवाई चित्रे अमूर्त चित्रकलेशी सहज नाते सांगतात. आम्हांला ती आवडतात. पण ती पाहताना हात कुठे गेले हा प्रश्न सुटत नाही.

गंमत अशी की छायाचित्रकलेचा जन्मच मिठाच्या पाण्यात झाला. १८३० च्या दशकात हेन्री फॉक्स टॅल्बटने कागद मिठाच्या पाण्यात भिजवून त्यावर सिल्व्हर नायट्रेट फिरवले. उन्हात काळा पडणारा तो कागद म्हणजे कागदी छायाचित्राचा आरंभ. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी त्या वर्तुळातले. विल्यम जॉन्सनने मुंबईतील जाती-जमातींचे सचित्र ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. गेर्सन द कुन्यांच्या १८७६ च्या चौल-वसईवरील ग्रंथात अवशेषांची छायाचित्रे आली. जातींचे नमुने आणि पडक्या भिंती ही त्या कॅमेऱ्याची आवड. पिकते मिठागर, ज्यावर सरकारचा महसूल उभा होता, ते चित्राच्या योग्यतेचे कोणाला वाटले असेल असे दिसत नाही.

मिठागराचे वर्णन सापडते ते महसुलाच्या कागदांत. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात भात आणि मीठ पिकवणाऱ्या आगरी लोकांची नोंद आहे. त्याच वर्षी मिठावरचा कर मणाला दोन रुपये झाला आणि १८८८ साली अडीच. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्याविना मीठ करणे गुन्हा ठरवले. पुढे मे-जून १९३० मध्ये सत्याग्रही वडाळ्याच्या आगरावर धावून गेले, तेव्हा कॅमेरेही गेले. पण त्या चित्रांचा विषय गर्दी आणि लाठी. आगर मागे राहते. कर १९४७ मध्ये उठला.

आता जमिनीचा भाव मिठाच्या भावावर चढला आहे. मुंबईतील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीकरांच्या भाडेघरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. वसईत जुलै २०१८ च्या पुरात मिठागरांतल्या वस्तीची शेकडो माणसे पाण्यात अडकली होती. ज्याला आपण रिकामा चौकोन समजतो, त्यात घरे होती. भराव पडल्यावर या जागांची साक्ष कदाचित छायाचित्रेच देतील. मग त्याखाली गावाचे नाव, महिना, उघाडी कोणत्या बाजूला, वाफा भरलेला की ओढलेला, एवढे लिहिणे काही जड नाही.

जूचंद्र हे आगरी गाव रांगोळीसाठी ओळखले जाते. तेथल्या रांगोळीला कोणी निसर्गाची किमया म्हणत नाही. ती काढणाऱ्याचे नाव खाली असते. मिठागराची रेघही दर पावसात विरते, आणि पाऊस सरला की कोणीतरी चिखलात उतरून ती पुन्हा ओढतो.