शंभर मिलिग्रॅमचं कोष्टक

कंपवाताच्या रुग्णाचं औषध बदलायचं ठरलं की डॉक्टर एका कोष्टकाचा आधार घेतात. १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा हे त्यातलं मूळ माप. तेवढ्या परिणामासाठी प्रामिपेक्सोल १ मिलिग्रॅम पुरतं, रोपिनिरोल ५ लागतं, ब्रोमोक्रिप्टिन १०.

१९६७ साली जॉर्ज कोट्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन रुग्ण चालते केले, तेव्हा असल्या कोष्टकाची गरज नव्हती. रोज काही ग्रॅम औषध पोटात जाई आणि उलट्यांनी माणूस हैराण होई. पुढे कार्बिडोपा आणि बेन्सेराझाइड यांची जोड मिळाली. लेव्होडोपा मेंदूबाहेर वाया जाणं कमी झालं, मात्रा पुष्कळ उतरली. कोष्टकातले १०० मिलिग्रॅम हे अशा जोडगोळीतले आहेत.

१९७४ मध्ये ब्रोमोक्रिप्टिन कंपवातावर वापरून पाहिलं गेलं आणि औषधांचा गोतावळा वाढू लागला. प्रत्येक संशोधक तुलनेसाठी आपापलं गुणोत्तर धरी. २०१० साली बर्मिंगहॅमच्या क्लेअर टॉमलिन्सन आणि सहकाऱ्यांनी ही विखुरलेली गुणोत्तरं गोळा करून एक सामायिक कोष्टक मांडलं. ते मुख्यतः अभ्यासांची तुलना करता यावी म्हणून होतं. दवाखान्यात मात्र अशा हिशेबाची निकड आधीच भासली होती. पर्गोलाइड या कंपवातावरच्या औषधामुळे हृदयाच्या झडपा बिघडतात हे स्पष्ट झाल्यावर २००७ मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढलं गेलं आणि ते घेणाऱ्यांना दुसरं औषध शोधावं लागलं.

अशी अदलाबदल हळूहळूच करावी, असा साधारण समज होता. क्रिस्टोफर गोएट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तो तपासला. समतुल्य मात्रेत झटपट प्रामिपेक्सोलवर नेलेल्या रुग्णांना फायदा लवकर दिसला.

मला हे कोष्टक मोलाचं वाटतं. निदान सुरुवात कुठून करायची, हे ते सांगतं. पण त्यातले आकडे सरासरीचे आहेत. लेव्होडोपासोबत दिल्या जाणाऱ्या एन्टाकॅपोन या औषधाला तर स्वतःचं वजनच नाही. सोबतच्या लेव्होडोपाच्या मात्रेला ०.३३ ने गुणून त्याची भर मोजतात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधं कमी करताना काहींना तीव्र चिंता, नैराश्य, घाम आणि त्याच गोळीची ओढ असा त्रास होतो. क्रिस्टिना राबिनाक आणि मेलिसा निरेनबर्ग यांनी २०१० मध्येच त्याची नोंद केली. कोष्टकाप्रमाणे लेव्होडोपा वाढवून दिलं, तरी तो त्रास शमत नाही.