तुळस का सुकली?



जपानी शाळेत पहिलीत गेलात, की मे महिन्याच्या सुमारास कुंडीत आसागाओचं बी पेरता ना? ही रताळ्याच्या कुळातली वेल. तिचं बी रुजायला 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमान लागतं, म्हणून पेरणी मे महिन्यात.

आमच्या टोकियोतल्या बाल्कनीत मात्र तुळस होती. तुळशीचं लग्न थाटात झालं आणि डिसेंबरात तिने मान टाकली. तहान लागली असेल म्हणून आम्ही रोज तांब्याभर पाणी घातलं. थोड्याच दिवसांत ती गेली. उपटून पाहिलं तर मुळं काळी पडून कुजलेली. असं का झालं?

पाणी : मुळं पाणी शोषतात. ते पानांपर्यंत चढतं आणि पर्णरंध्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं. याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. पाणी कमी पडलं की पानं मलूल होतात. पण मुळांना हवाही लागते. माती सतत चिंब राहिली तर मुळं गुदमरून कुजतात, मग भरल्या कुंडीतही पानं तहानलेलीच!

तापमान : थंडीत बाष्पोत्सर्जन मंदावतं, मुळंही पाणी हळू घेतात. टोकियोत जानेवारीचं सरासरी तापमान 5 अंशांच्या आसपास असतं. तुळस उष्ण प्रदेशातली, तिला हे सोसत नाही. साकुराचं उलट आहे. उन्हाळ्यात तयार झालेल्या तिच्या कळ्यांना जागं व्हायला हिवाळ्याची थंडी लागतेच.

करून पाहा : चार वाट्यांत कापूस ठेवून भिजवलेले मूग घाला. एक वाटी कोरडी, एक ओलसर, एक पाण्याने भरलेली. चौथी ओलसर, पण फ्रिजमध्ये. पाच दिवस रोज वहीत नोंद करा. कुठले मूग चांगले वाढले?

लक्षात ठेवा :
1. बोट मातीत खुपसून पाहा. कोरडं लागलं तरच पाणी घाला.
2. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका.
3. नोव्हेंबरात तुळस घरात, उन्हाच्या खिडकीशी आणा. रात्री काचेपासून दूर ठेवा.
4. ऑगस्टमध्ये पाणी सकाळी लवकर घाला, गरज पडल्यास संध्याकाळीही.
5. वाळलेल्या मंजिऱ्यांतलं बी कागदाच्या पुडीत जपून ठेवा.

आम्हीही अशी एक पुडी ठेवली होती. मे महिन्यात आसागाओच्या शेजारी ते बी पेरलं, आणि तुळस पुन्हा उगवली.