'डिनर'मध्ये दोन 'एन' कशाला?

'केळापूर' लिहिताना 'पू' दीर्घ, पण 'केळापुरात' लिहिताना ऱ्हस्व. यवतमाळ जिल्ह्यातल्या शिक्षकांनी हे फळ्यावर कितीदा तरी दुरुस्त केले असेल. मोठ्याने म्हणून पाहा. 'पूर्' हा तुकडा व्यंजनावर बंद होतो. 'पु-रात'मधला 'पु' स्वरावर उघडाच राहतो. मूल-मुलाला, फूल-फुलाला यांचेही तेच. तत्सम शब्द सोडले तर मराठीतला इकार-उकार बंद तुकड्यात लांबतो, उघड्यात आखडतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांत उपान्त्य दीर्घाचा जो नियम आहे, त्याच्या मुळाशी हा उच्चार आहे.

इंग्रजीची रीत नेमकी उलटी. 'मी' (एम-ई) उघडा, म्हणून दीर्घ. 'मेट' (एम-ई-टी) बंद, म्हणून ऱ्हस्व. 'डायनर'मध्ये एकच 'एन'. तो पुढच्या तुकड्याकडे जातो आणि 'डाय' उघडा राहतो. 'डिनर'मधल्या दोन 'एन'पैकी पहिला 'डिन्'ला बंद करतो. पण कानाला तर एकच 'न' ऐकू येतो! २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि ऐकले तसे लिहिणारे मूल एकच 'एन' लिहिते. त्याचे काय चुकले?

चुकले काहीच नाही. ते काही शतके उशिरा आले, इतकेच. जुन्या इंग्रजीत दुहेरी व्यंजन खरोखर दुहेरी ऐकू येई, आपल्या पता-पत्तासारखे. 'सुन्-ने' म्हणजे सूर्य, 'सु-नु' म्हणजे मुलगा (संस्कृत 'सूनु'चा हा भाऊबंद). बाराव्या शतकात ऑर्म नावाच्या इंग्लंडमधल्या एका मठवासीयाने मोठ्याने वाचण्यासाठी प्रवचने पद्यात लिहिली. बंद तुकड्यात ऱ्हस्व स्वर आला की पुढचे व्यंजन तो न चुकता दोनदा लिही. नक्कल करणाऱ्यांनीही तसेच लिहावे, अशी विनंती त्याने करून ठेवली. आज त्याच्याच हातची एकमेव प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. नक्कल एकही सापडलेली नाही!

तेराव्या शतकाच्या सुमारास उघड्या तुकड्यांतले बरेच स्वर लांबले. 'नेम' शब्द तेव्हा 'ना-म' असा दोन तुकड्यांचा होता. शेवटचा स्वर गळाला, पण त्याचा 'ई' स्पेलिंगमध्ये मुका होऊन बसला. पुढे दुहेरी व्यंजनांचा उच्चारही गेला, आणि जोडी उरली ती 'आधीचा स्वर ऱ्हस्व वाचा' एवढे सांगण्यापुरती. फ्रेंचमधून आलेल्या 'डिनर'लाही तीच खूण चिकटली.

अर्थात नियम सरसकट चालत नाही. 'डीमन' आणि 'लेमन' यांच्या स्पेलिंगांत पहिल्या अक्षराचाच काय तो फरक, तरी एकात स्वर दीर्घ, दुसऱ्यात ऱ्हस्व. म्हणून या नियमावर गुण कापू नयेत, असे आम्हांला वाटते. मुलांनी दोन्ही उच्चार करून पाहावेत आणि ओळखीचा निघेल तो घ्यावा. मात्र झरी-जामणीतल्या घरी कोलामी बोलणाऱ्या मुलाला तो ओळखीचा निघायचा, तर शब्द आधी बाईंच्या तोंडून कानावर पडलेला हवा.