पिशवी आणि कुंची : घरच्या शिवणकामाची हकिकत



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहा, असा आग्रह झाला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि हातात लेखणीपेक्षा सुई जास्त वेळ असते. मग म्हटले, जे हातात असते त्याविषयीच लिहावे. आमच्या ओसरीत यंत्रावर मी गेली अठरा वर्षे कापडी पिशव्या आणि लहान मुलांच्या टोप्या, टोपडी, कुंच्या शिवते. या दोन वस्तू आपल्याकडे कधीपासून आहेत आणि त्या शिवल्या कोणी, याचा विचार मनात घोळत होता. थोडे वाचले, थोडे वडीलधाऱ्यांना विचारले, ते येथे मांडते.

शिंप्यांचा इतिहास आहे. संत नामदेवांसारखे महापुरुष त्या घरात झाले. गज, कात्री, सुई, दोरा ही धंद्यातली अवजारेच त्यांनी भक्तीच्या बोलण्यात आणली, आणि त्यांची वाणी शिखांच्या ग्रंथसाहेबापर्यंत पोहोचली. पण घरात बसून लेकराचे टोपडे आणि नवऱ्याची चंची शिवणारीचा इतिहास कोणी लिहिला नाही, कारण तिने त्याचे पैसे घेतले नाहीत. तसे पाहू गेल्यास बाईच्या हातातली सुई फार जुनी. ऋग्वेदात राका नावाची पौर्णिमेची देवी आहे. न तुटणाऱ्या सुईने तिने आपले काम शिवावे आणि पराक्रमी पुत्र द्यावा, अशी तिला प्रार्थना केलेली आहे. म्हणजे सुई आणि लेकरू यांची सांगड त्या काळापासूनची! आपल्या लोकांना शिवलेले कपडे ठाऊकच नव्हते असे पुष्कळजण म्हणतात, त्यांनी अजिंठ्याची चित्रे पाहावीत. तेथे शिवलेले अंगरखे आहेत, आणि पहिल्या लेण्यात टोकदार टोप्या घातलेले परदेशी पाहुणेही आहेत.

आता पिशव्यांची नावेच मोजून पाहा. पानसुपारीची ती चंची, हिच्यात चार-पाच कप्पे आणि गुंडाळून बांधायला दोरी. पैशांचा किंवा औषधाच्या मुळ्यांचा तो बटवा, दोन्हीकडून नाड्या ओढल्या की तोंड बंद. कमरेला बांधायचा लांबट तो कसा. खांद्यावर टाकून पुढे-मागे लोंबणारी ती पडशी. गोसाव्याची झोळी, घोड्याचा तोबरा. दरबारी पत्राला आपण खलिता म्हणतो, पण खलिता म्हणजे मुळात ते पत्र घालायची पिशवीच. पुढे आतल्या पत्रालाच ते नाव पडले. १९१६ साली लोकमान्यांच्या साठीला पुण्यात लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली, आणि त्यांनी ती देशकार्याला देऊन टाकली, हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. माझ्यासारखीच्या मनात मात्र वेडा प्रश्न येतो, की ती थैली शिवली कोणी असेल?

आपल्या भागात पिशवीचा विषय निघाला की तांड्यावरच्या बायकांना विसरून चालणार नाही. रेल्वे येण्यापूर्वी धान्य आणि मीठ मुलखातून मुलखात जायचे ते बंजाऱ्यांच्या बैलांवर, गोण्यांत भरून. इंग्रजांचा ‘गनी’ हा शब्द आपल्या गोणीवरूनच गेलेला आहे. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. बैलांचे तांडे गेले, पण बायकांच्या बोटांतली सुई गेली नाही. आरसे, कवड्या आणि रंगीत दोरा घेऊन त्यांनी जे भरतकाम केले, त्या पिशव्या आज शहरांतल्या प्रदर्शनांत काचेच्या कपाटात मांडतात. आमच्या आर्णीच्या बाजारात तांड्यावरची एक म्हातारी खांद्याला तसली पिशवी लावून यायची. मी एकदा टाक्यांची उलटी बाजू पाहू मागितली. उलटी बाजू सुलटीइतकीच साफ होती. त्या दिवसापासून मीही माझ्या पिशवीची उलटी बाजू लपवायची सोडून दिली, म्हणजे ती साफ ठेवायला लागले.

पिशवी आणि टोपी यांचे नाते मला कळले ते पावसाळ्यात. शेतावरचा गडी पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसतो आणि ती खोळ डोक्यावर घेतो. डोके झाकले, पाठ झाकली, हात मोकळे. लेकराची कुंची म्हणजे तेच, फक्त मऊ कापडाचे. कापडाची एक कड मध्यावर दुमडून मागून शिवण घालायची, की डोक्याचा कोपरा तयार होतो. खालचा भाग पाठीवर मोकळा सोडायचा, गळ्याशी चुण्या घेऊन दोन बंद लावायचे. टोपडे कान झाकते, कुंची कानही झाकते आणि पाठही. जरीची, खणाची, मखमलीची, मोती लावलेली कुंची बारशाला मिरवायची; रोजची मात्र जुन्या लुगड्याची.

ही जुन्या लुगड्याची गोष्ट मला फार उशिरा पटली. माझा पहिला मुलगा पौषात झाला, वजन पावणेदोन किलो. मी बाजारातून झुळझुळीत नायलॉनची टोपी आणवली होती. सासूबाईंनी ती बाजूला ठेवली, आपले धुऊन धुऊन विरलेले लुगडे फाडले आणि रात्रीतून हातानेच कुंची आणि पाय घालायला पिशवीसारखी खोळ शिवली. म्हणाल्या, “लेकराच्या अंगाले मऊ लागलं पाह्यजे वं, नवं नोको पाहू.” मला तेव्हा राग आला होता. माहेरच्यांनी आणलेली टोपी पेटीत गेली म्हणून मी दोन दिवस बोलले नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी गडचिरोलीची हकिकत वाचनात आली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तेथील ३९ गावांत, १९९५ पासून, गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरोघर जाऊन नवजात बाळ तपासायच्या, जंतुदोष झाला तर औषध द्यायच्या, अंगावर पाजायला शिकवायच्या, आणि कमी वजनाच्या बाळाला ऊब राहावी म्हणून टोपडे आणि उबदार पिशवी वापरायच्या. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालकांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या विलायतेतील वैद्यकीय मासिकाने – चुकले, साप्ताहिकाने – ते छापले. हे सर्व यश टोपड्याचे नव्हे, औषधाचे आणि देखरेखीचेही आहे. पण इवल्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि ऊब तेथूनच फार जाते, हे वाचले तेव्हा सासूबाई आठवल्या. त्या तोवर गेल्या होत्या.

कापडाचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपला जिल्हा कापसाचा. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेले ते बरेचसे याच कापसासाठी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या जिल्ह्याचे नाव तेव्हा वणी जिल्हा असे होते, १९०५ साली ते यवतमाळ झाले. पण कापूस गाड्या भरून बाहेर गेला आणि कापड बाहेरून आले, घरचा चरखा आणि गावचा कोष्टी दोघेही बसले. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली. आज ती गिरणीही राहिलेली नाही. आमच्या दारापुढून कापसाच्या गाड्या जातात, आणि पिशवीसाठी मांजरपाट मात्र मी बाहेरगावच्या गिरणीचा घेते. हे काही केल्या माझ्या मनाला नीट वाटत नाही.

यंत्राची गोष्ट गमतीची आहे. शिवणयंत्राचे पेटंट अमेरिकेत १८४६ साली एलियास होवे याने घेतले आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपले सुधारलेले यंत्र काढले. सिंगरच्या कंपनीने ते हप्त्याने विकायला सुरुवात केली, म्हणून ते गरिबाच्या घरी जाऊ शकले. आपल्या देशात नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी त्या कंपनीचा कारभार कित्येक वर्षे वाहिला. महात्माजींना १९२४ साली कोणी विचारले की आपण सर्वच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय, तेव्हा त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केले. बायकोचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते शोधले, असे ते म्हणाले. सिंगरचे चरित्र पाहता तो असा प्रेमळ नवरा मुळीच नव्हता! ही गोष्ट होवेला जास्त शोभते. तो आजारी असे आणि बायको लोकांचे कपडे शिवून घर चालवी, असे सांगतात. असो. नावात चूक झाली असली तरी महात्माजींनी बाईचे दुखणारे बोट पाहिले, हे थोडे नव्हे. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने उषा यंत्र काढले आणि ते आपल्या मायबहिणींच्या घरोघर पोहोचले. माझे यंत्रही उषाच. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ असते.

पण यंत्र घरात आले म्हणून विद्या येत नाही. ती आली ती बायकांनी बायकांसाठी काढलेल्या वर्गांतून. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले, तेथे शिवण आणि भरतकाम शिकवले जाई, आणि विधवा, परित्यक्ता बायका चार पैसे मिळवू लागल्या. स्वराज्यानंतर १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ झाले, त्याच्या मदतीने खेडोपाडी महिला मंडळांत शिवणवर्ग निघाले. मीही असल्याच एका वर्गात, सहा महिने, एका यंत्रावर अकराजणी मिळून शिकले. दिवसाला पंधरा मिनिटे पाळी यायची. उरलेला वेळ कागद कापून नमुने करण्यात जाई, आणि आज पाहते तर उपयोगी पडले ते तेच. छत्तीस इंच पन्ह्याच्या एका मीटरात दोन पिशव्या बसतात आणि बंदांना पट्टी उरते, हे गणित मला शाळेने नाही, त्या कागदाने शिकवले.

मग आमच्या कापडी पिशवीला ग्रहण लागले ते प्लास्टिकचे. स्वीडनच्या एका इंजिनिअराने १९६०च्या सुमारास ती हलकी पिशवी काढली, आणि पुढे वीसपंचवीस वर्षांत बाजाराला जाताना पिशवी नेणे म्हणजे मागासलेपणा वाटू लागला. २६ जुलै २००५ला मुंबई बुडाली, गटारे या पिशव्यांनी तुंबलेली निघाली. २००६ साली पातळ पिशव्यांवर राज्यात बंदी आली, २०१८च्या मार्चात ती फार कडक झाली, आणि १ जुलै २०२२पासून एकदा वापरून फेकायच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंना देशभर बंदी झाली. २०१८ साली आम्हाला वाटले, आता आपले दिवस आले. एका ठिकाणाहून सहाशे पिशव्यांची मागणी आली. आम्ही पाचजणींनी कापड उधार आणले, रात्री दोनपर्यंत यंत्रे चालवली. पहिल्या शंभरांचे बंद आम्ही एकेरी शिवणीचे केले, ते दोन किलो साखरेलाही टिकले नाहीत. ती चूक आमचीच, आणि आम्ही त्या सर्व उसवून चौकोनी, आडवीउभी शिवण घालून परत दिल्या. पैसे मात्र अकरा महिन्यांनी मिळाले. तोवर कापडवाल्याला तोंड चुकवत आम्ही गल्ली बदलून जात होतो.

त्या पाचजणींत आमच्या आळीतली एक बाई होती. कापसाने दगा दिला त्या साली तिचा घरधनी गेला. लोक सांत्वनाला येत, तेव्हा ती एका बाजूला टोपड्यांचे बंद उलटवत बसलेली असे. काहींना ते बरे दिसले नाही. तिच्या दोन मुलींची शाळा त्याच टोपड्यांवर झाली. बाबा कंबलपोषांच्या यात्रेत आणि तान्ह्या पोळ्याला तिच्या टोप्या हातोहात जातात. कंबलपोष म्हणजे कांबळे पांघरणारा. ती म्हणते, पांघरुणाचा देव असल्यावर टोप्या खपायच्याच!

२०११ची खानेसुमारी झाली तेव्हा माझ्याकडे माणूस माहिती लिहायला आला. मी यंत्रावर होते, पायाखाली पट्टा फिरत होता. त्याने यजमानांना विचारले, बाई काय करतात? यजमान म्हणाले, घरीच असते. त्याने तसेच लिहून घेतले. यजमानांचा दोष नाही, माझ्याही तोंडून त्या वेळी दुसरे काही निघाले नसते. घरी बसून मोबदल्याने काम करणाऱ्यांनाही कामगार मानावे, असा ठराव जिनिव्हाच्या जागतिक कामगार संघटनेने १९९६ सालीच केला होता, हे मला फार पुढे समजले. त्या रात्री मात्र मी हिशेबाची वही काढली आणि प्रथमच वरच्या कोपऱ्यात स्वतःचे नाव लिहिले. आजवर अशा सात वह्या झाल्या आहेत.

सासूबाईंनी शिवलेली ती कुंची अजून माझ्याजवळ आहे. तिच्यावरून कागदी नमुना काढून मी मंडळाच्या कपाटात ठेवला आहे, सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या बाळाच्या मापाचा. ज्यांना हवा त्यांनी जरूर न्यावा, मात्र आठ दिवसांत परत आणून ठेवावा. मागच्या वर्षी ठेवलेला नमुना कोणीतरी नेला, तो अजून आलेला नाही.